आधी वही बघ

उद्यमनगरात, आमच्या फाउंड्रीत,
दाराशेजारच्या खिळ्याला ती टांगलेली असते.
जाड पुठ्ठा, कडा काजळलेल्या,
वर पांढऱ्या रंगात आकडा: सात.
रिटायर होण्याआधी दस्तगीर शिकलगारांनी काढलेला.
आधीच्या सहा लोखंडी कपाटात आहेत.
तिसरीला वाळवी लागली
आणि अठ्ठ्याऐंशीचा अख्खा पावसाळा गेला.

काय बिघडलं, कशानं, मग काय केलं.
तीन रकाने.
कुणाची चूक, याला रकाना नाही.

नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी चहा,
दुसऱ्या दिवशी हातमोजे,
तिसऱ्या दिवसापासून तो विचारायला लागतो.
पंपाच्या बॉडीत भोकं का पडली?
गाभा का सरकला?
रस मध्येच का गोठला?
मी मान वर न करता म्हणतो, आधी वही बघ.

एकदा घरी बायकोनं विचारलं, लाइटबिल कुठं ठेवलंय,
तर तोंडातून तेच निघालं.
मग दोन दिवस मी मीठ मागितलं की
ती म्हणायची, वही बघा.

रागानं नाही म्हणत मी.
लाकडी पॅटर्न कसा झिजतो, तसं आहे ते.
शंभरदा वाळूत दाबला
की शंभरावं कास्टिंग पहिल्यासारखं येत नाही.
सांगून सांगून उत्तराच्याही कडा जातात.
शेवटच्या पोराला मिळतो
नुसता गोळा, आणि वर माझी चिडचिड.

मुडशिंगीची सलोनी डवरी आली, आयटीआय करून.
चार दिवस काही विचारलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत एका मांडीवर डबा, दुसऱ्या मांडीवर वही.
पाचवीच्या पानावर पिठल्याचं बोट उमटलेलं मी बघितलं
आणि बोललो नाही.
खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मंगळवारी समोर येऊन उभी राहिली.
"काका, पाचवी वही, पान एकशे बारा.
वाळू जास्त ओली असल्यास मुठीवरून ओळखणे.
मूठ म्हंजे कशी?"
लिहिलंय की.
"ओळखणे लिहिलंय.
कसं ओळखणे ते नाही."

चष्मा लावला.
अक्षर माझं. एकोणिसाव्या वर्षाचं,
मुठीतला ठ पोट सुटल्यागत.
आणि खाली, पेन्सिलनं, पुसट:
तिसऱ्यांदा विचारलं. सोमवारी सुट्टी असून बोलावलं,
हात धरून दाखवलं. द. शि.

मला तो सोमवार आठवत नाही.
तिसऱ्यांदा तर अजिबात नाही.
मूठ आठवते.

ढिगातून वाळू घेतली, तिच्या ओंजळीत टाकली.
दाब. एवढी नको, अंडं धरल्यागत.
आता उघड.
बोटांचे ठसे राहिले? राहिले.
तळवा ओला झाला? नाही.
मध्यात मोड. कड बघ, कड सरळ तुटली पाहिजे.
तिची कड ढासळली.
परत.
परत.
तिकडं भट्टीवरनं कुणीतरी माझ्या नावानं ओरडत होतं,
म्हटलं, ओरडू दे.
सातव्यांदा वाळू तुटली
ताज्या गुळाच्या ढेपेसारखी, स्वच्छ.
ती हसली नाही. नुसतं "हां" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढली, सात नंबरची.
पट्टीनं आखून तिनं चौथा रकाना पाडला होता,
निळ्या बॉलपेननं, जरा वाकडाच.
वर लिहिलं होतं: कुणाला विचारायचं.
खाली माझं नाव, धोंडीराम लोहार,
धो चा काना विसरलेला,
आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात
दुपारी दोन ते अडीच नको. झोपतात.